जन्माची कथा झाली. परतीची कोण लिहिणार?

१

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना महामार्गालगत जवाहरनगर लागते. रूढ अर्थाने ते गाव नव्हे. आयुध निर्माणीभोवती वाढलेली ती वसाहत आहे. देशाच्या सैन्याला लागणारी दारू आणि स्फोटके येथे तयार होतात. वसाहतीचे घड्याळ निर्माणीच्या पाळ्यांवर चालते. रविवारच्या मिस्साला कोण येईल आणि कोण येणार नाही, हेही पुष्कळदा पाळीवरच ठरते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला हिंसेविषयी दुरून बोलण्याची मुभा नसते. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि त्या दिवशी आठ कामगारांचे प्राण गेले. समोर शत्रू नव्हता, युद्धही नव्हते. जे दुसरीकडे फुटावयाचे ते येथेच फुटले.

आमच्या जिल्ह्यातून वाहणारी वैनगंगा पुढे गडचिरोलीच्या अंगाने जाते, वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. याच नद्या ओलांडून १९८० साली आंध्रातील पीपल्स वॉर गटाची पहिली सशस्त्र पथके महाराष्ट्रात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्यातील पेद्दी शंकर हा तरुण सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातही आला नव्हता. तो १९८२ साली झाला. म्हणजे या जिल्ह्याचे वय आणि तेथील सशस्त्र संघर्षाचे वय जवळजवळ सारखेच आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांचा एक अध्याय मिटत असल्याची चिन्हे दिसू लागली.

त्या आठवड्यात निर्माणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा एक आप्त गडचिरोलीच्या पोलीस दलात होता आणि तो आता हयात नाही. वर्तमानपत्र पुढे ठेवून त्यांनी विचारले, “फादर, आता ही माणसं घरी येणार. त्यांच्या शेजारी बसायचं कसं, हे सांगणारं एखादं पुस्तक आहे का मराठीत?”

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्या प्रश्नाने आम्हांला आमच्या कपाटापाशी नेले. या विषयावरची जी पुस्तके आम्ही गेल्या तीस वर्षांत वाचली, ती पुन्हा काढून पाहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाची हकिकत आहे. शोधाअंती जे वाटले ते आरंभीच सांगून टाकतो. माणूस बंदूक का उचलतो, हे आमच्या साहित्याने उत्तम सांगितले आहे. बंदूक उचललेला माणूस कसा मरतो, हेही सांगितले आहे. परंतु तो बंदूक ठेवून गावात परत येतो, तेव्हा त्याचे आणि गावाचे काय होते, या प्रश्नापाशी आमचे साहित्य अद्याप पोचलेले नाही.

२

पहिले पुस्तक अर्थातच विलास मनोहर यांचे ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. ही कादंबरी नव्वदीच्या दशकाच्या आरंभी आली, तेव्हा शहरी मराठी वाचकाला भामरागड हे नावही नीट ठाऊक नव्हते. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि मनोहर त्या प्रकल्पात राहून माडिया गोंडांचे जीवन पाहत होते. त्यामुळे त्यांच्या लेखनाला पाहुण्याच्या लेखनाची कळा नाही. वनखात्याचा शिपाई, ठेकेदार, व्यापारी, पोलीस यांच्या रोजच्या लहानसहान जुलमांची जी साखळी ते दाखवतात, ती घोषणेवाचून दाखवतात. कोंबडी नेणे, फुकट राबवून घेणे, जंगलात पाऊल टाकले म्हणून दंड करणे, यांतील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर वर्तमानपत्रात चार ओळींचीही बातमी होणार नाही. पण याच गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात एकामागून एक येतात, तेव्हा त्याच्या मनात काय साचते, हे या कादंबरीने मराठीला दाखवले. तेवढ्यासाठी तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि, पुनर्वाचनात एक शंका आम्हांला सोडीना. शीर्षकातला ‘जन्म’ हा शब्द पाहावा. जन्म घेणे जन्मणाऱ्याच्या हाती नसते. नक्षलवादी ‘जन्मतो’ असे म्हटले की परिस्थिती ही त्याची आई ठरते, आणि तो स्वतः आपल्या कृत्याचा कर्ता उरत नाही. ही भूमिका करुणेतून आलेली आहे, यात संशय नाही. परंतु या करुणेत माणसाचे एक मोठे धन नकळत काढून घेतले जाते. ते धन म्हणजे त्याचा निर्णय. गरिबाच्या पापाला परिस्थिती जबाबदार आणि श्रीमंताच्या पापाला तो स्वतः, अशी वाटणी केली की आपण गरिबाला क्षमा करीत नाही. त्याला अज्ञान बालक ठरवतो.

याच जिल्ह्यातील दुसरे पुस्तक शेजारी ठेवले म्हणजे ही शंका अधिक स्पष्ट होते. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे कादंबरी नव्हे, एका गावाचा वृत्तान्त आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचेच गाव. तेच जंगल, तेच वनखाते, तोच ठेकेदार. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी ग्रामसभा भरवली, अभ्यासगट चालवला, सर्वसहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही असे ठरवले, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. हाही उठावच होता. फक्त त्यात कोणी मेले नाही. मेंढ्याच्या लोकांचा सोशिकपणा इतरांहून मोठा होता असे आम्ही म्हणत नाही. परिस्थिती सारखी असतानाही माणसे वेगवेगळ्या वाटा धरतात, एवढेच म्हणतो. आणि वाट धरता येत असेल, तर ती सोडताही येते. ‘जन्म’ या शब्दात मात्र ही शक्यता मावत नाही.

३

दुसरे पुस्तक बंगालचे. परंतु मराठी वाचकाने ते केव्हाच आपले मानले आहे. महाश्वेता देवींची ‘हजार चौऱ्यांशीची आई’ ही कादंबरी १९७४ साली पुस्तकरूपाने आली, आणि १९९८ साली गोविंद निहलानी यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट केला. कलकत्त्यातील एका सुखवस्तू घरातली सुजाता, आणि शवागारात ज्याच्या प्रेतावर १०८४ हा क्रमांक लागला तो तिचा मुलगा व्रती. सारी कादंबरी एका दिवसाची आहे. तो व्रतीचा जन्मदिवसही आहे आणि मरणदिवसही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुजाता आपल्या मुलाला शोधत फिरते. ती त्याच्याबरोबर मारल्या गेलेल्या सोमूच्या गरीब आईला भेटते, तुरुंगातून सुटलेल्या नंदिनीला भेटते, आणि जिवंतपणी आपण ज्याला ओळखले नाही तो मुलगा तिला मरणानंतर थोडाथोडा सापडू लागतो.

ही कादंबरी मोठी का? लेखिकेची सहानुभूती कोठे आहे हे कोणालाही कळते. पण तिने राजकारणाचा निवाडा करण्याचे काम आईवर सोपवलेले नाही. सुजाताचा प्रश्न एवढाच आहे, की माझ्या मुलाला नाव होते, त्याचा क्रमांक कोणी केला? हिंसेवरच्या साहित्याने पहिल्याने हेच करावे. क्रमांकाचे पुन्हा नाव करावे.

मात्र येथेही एक सोय आहे, आणि ती लेखिकेइतकीच वाचकालाही हवीशी असते. व्रती मेलेला आहे. मेलेला मुलगा कायम वीस वर्षांचा राहतो. त्याला कोणापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागत नाही. फ्रेंच लेखक आल्बेर कामू याने १९४९ साली रशियन क्रांतिकारकांवर नाटक लिहिले. त्यातील कालियायेव हा तरुण, सरदाराच्या गाडीत मुले दिसताच बॉम्ब टाकण्याचे नाकारतो. पुढे तो टाकतो, सरदार मरतो, आणि मग आपल्या प्राणाने किंमत चुकवावी म्हणून कालियायेव दयेची याचना न करता फासावर जातो. कामूला त्या माणसाविषयी आदर आहे, कारण त्याने दुसऱ्याचा जीव घेतला तसा स्वतःचाही दिला. पण नीट पाहिले तर नाटककाराचा सर्वांत अवघड प्रश्नही त्या फासाने सोडवून टाकला. कालियायेव जगला असता तर? वीस वर्षांनी त्या सरदाराच्या विधवेच्या गल्लीत राहावयास आला असता तर? नाटक तेथे जात नाही.

वीर मेला की त्याचे स्मारक होते. तो जगला की तो शेजारी होतो, आणि शेजाऱ्यावर लिहिणे स्मारकावर लिहिण्यापेक्षा फार कठीण असते.

४

तिसरा गट आदिवासी कवींचा. १९७९ साली भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले, आणि पुढील दहाबारा वर्षांत मराठी कवितेत एक नवा आवाज आला. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’, शहाद्याच्या चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ हे संग्रह त्या काळचे. बिरसा मुंडाच्या उठावाचे नाव मेश्रामांनी आपल्या पुस्तकाला दिले. १८५८ साली चांद्यात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाकेंची आठवण गोंडवनातून कधीच पुसली गेली नव्हती. अशा परंपरेच्या कवींनी आगीची, धनुष्याची, उठावाची भाषा वापरली, यात नवल नाही.

सदर कवितेवर हिंसेचा आरोप करणारे समीक्षक तेव्हाही होते. तो आरोप आम्हांला मान्य नाही. शहाद्याची श्रमिक संघटना जमिनीच्या हक्कासाठी लढली, पण बंदुकीने लढली नाही. या कवींची आग म्हणजे पेटवलेले गाव नव्हे. फार दिवस थंडीत कुडकुडलेल्या माणसाने आपल्यासाठी पेटवलेली शेकोटी आहे. सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या प्रसिद्ध कवितेने तर आम्हां सर्वांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच समजावून सांगणारे लोक व्यासपीठावर, आणि ज्यांचे दुःख ते खाली, ही त्या कवितेतील स्थिती आहे. प्रवचनाच्या चौथऱ्यावरून बोलण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्या माणसाने ती कविता वर्षातून एकदा तरी वाचावी.

असे असले तरी आमचा मूळ प्रश्न येथेही उरतोच. आग या प्रतिमेत पेटणे आहे, विझल्यानंतरची राख मात्र नाही. आणि आमच्या शेजारच्या जिल्ह्याच्या वाट्याला गेली पंचेचाळीस वर्षे मुख्यतः राखच आली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीला सतरा पोलीस मारले गेले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात सव्वीस माओवादी मारले गेले. त्यांत आमच्याच विदर्भातील, वणी तालुक्यातील राजूरचे मिलिंद तेलतुंबडे होते. या दोन्ही तारखांना ज्या घरांत रडणे झाले, त्यांतील पुष्कळ घरांची भाषा एकच होती. १९९० च्या सुमारास उभ्या केलेल्या सी-सिक्स्टी पथकात स्थानिक तरुणच घेतले गेले; कारण जंगल त्यांनाच ठाऊक होते. तेव्हापासून गोंडाच्या पोरापुढे गोंडाचेच पोर उभे राहिले.

वर्तमानपत्रांची भाषा या ठिकाणी काय करते, हे समीक्षकाने पाहिले पाहिजे. नक्षलवादी मारले गेले की मथळ्यात ‘कंठस्नान’ हा शब्द येतो. पोलीस मारले गेले की ‘शहीद’ येतो. दुसऱ्या बाजूची पत्रकेही आपल्या मृतांना शहीदच म्हणतात आणि दरवर्षी जुलैअखेर शहीद सप्ताह पाळतात. एकच शब्द दोन्ही सैन्यांनी वाटून घेतला आहे. मात्र रात्री घरातून उठवून नेलेला, सकाळी रस्त्यावर प्रेत होऊन सापडलेला जो गावकरी, त्याच्या वाट्याला कोणता शब्द? मारणारे त्याला ‘खबऱ्या’ म्हणतात. न मारणारे त्याला ‘सामान्य नागरिक’ म्हणतात. पहिला शब्द आरोप आहे, दुसरा रकाना. नाव दोन्हींत नाही.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात सी-सिक्स्टीचे पंधरा जवान गेले. त्यांपैकी काही आमच्या भंडारा जिल्ह्यातले होते. त्यांच्याबरोबर सोळावा एक माणूस होता. तो खासगी वाहनाचा चालक होता, गणवेशाचा नव्हता. मथळ्यांत पंधरा होते. चालक खालच्या ओळीत होता. आमच्या साहित्यानेही आजवर असेच केले आहे. बंदूकवाल्यांना त्याने पात्रे केले, आणि गाडी चालवणाऱ्याला खालच्या ओळीत ठेवले.

साहित्य नाव देत नाही तेव्हा सत्ता नाव देते, हेही येथे सांगितले पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. महिनाभराने लोक रस्त्यावर आले. भंडारा, नागपूर, अमरावतीत आंदोलन पेटले. त्या संतापामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे तेव्हा शासनाच्या बाजूने बोलले गेले. जणू एका दलित कुटुंबाच्या हत्येवर रागावण्यासाठी लोकांना जंगलातून आज्ञा यावी लागते! पुढे ८४ वर्षांचे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी याच संशयाखाली अटकेत असताना ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत वारले. त्यांच्यावरचे आरोप न्यायालयात सिद्ध झाले नव्हते. ‘नक्षलवादी’ हा शब्द एवढा ताणला की खरा बंदूकधारी, रागावलेला नागरिक आणि वृद्ध धर्मगुरू एकाच पोत्यात जातात. ज्याला आपण नेमके नाव देत नाही, त्याला नेमका न्यायही देता येत नाही.

५

तर मग परतीचे साहित्य कसे असते? आमच्या माहितीत त्याचा एक नमुना आहे. पण तो फार दूरच्या, पेरू देशातला आहे. दूरचा असला तरी तुलना ओढूनताणून केलेली नाही. पीपल्स वॉर गट एप्रिल १९८० मध्ये स्थापन झाला. पेरूत माओच्याच नावाने चालणाऱ्या ‘शायनिंग पाथ’ या संघटनेने त्याच वर्षी मे महिन्यात सशस्त्र युद्ध पुकारले. तेथेही डोंगरातले मूळ रहिवासी, केचुआ बोलणारे शेतकरी, बंडखोर आणि लष्कर यांच्या मधोमध सापडले. २००३ साली तेथील सत्यशोधन आयोगाने मृत व बेपत्ता माणसांची संख्या सुमारे ६९ हजार मानली, आणि त्यांतील चारांपैकी तिघे मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणारे होते असे नोंदवले. निम्म्याहून अधिक मृत्यूंची जबाबदारी आयोगाने बंडखोरांवर ठेवली. पण लष्करालाही सोडले नाही.

त्या देशात लुर्हिओ गाविलान नावाचा एक माणूस आहे. बाराव्या वर्षी, भावाच्या मागोमाग, तो शायनिंग पाथमध्ये गेला. पुढे लष्कराच्या हाती लागला. एका अधिकाऱ्याने त्याला मारले नाही. बराकीत ठेवले, शाळेत घातले, आणि तो सैनिक झाला. सैन्य सोडून तो फ्रान्सिस्कन मठात गेला. मठही सोडला आणि मानववंशशास्त्राचा अभ्यासक झाला. २०१२ साली त्याने ‘एका अनोळखी सैनिकाच्या आठवणी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे आत्मकथन प्रसिद्ध केले.

या पुस्तकाचे मोठेपण त्याच्या चमत्कारिक कथानकात नाही. लेखक स्वतःला निर्दोष म्हणवत नाही, तसेच छाती पिटून पापांची जाहिरातही करीत नाही. उपाशी मुले, उवा, डोंगरातली थंडी, सोबत्यांना दिलेल्या शिक्षा, हे सारे तो सांगतो; आणि त्या शिक्षांच्या वेळी आपणही तेथे उभे होतो, हेही सांगतो. शेवटी तो ज्या डोंगरांत बंदूक घेऊन फिरला, त्याच डोंगरांत वही घेऊन परत जातो. परत गेल्यावर सर्व मिटले असे पुस्तक म्हणत नाही. तो तेथे गेला, चालला, लोकांशी बोलला, एवढेच. आमच्या निवृत्त स्नेह्यांनी विचारलेल्या प्रश्नाच्या आसपास पोचणारे आम्ही वाचलेले हे एकमेव पुस्तक आहे.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, की परतीची कथा तर लूकच्या शुभवर्तमानात आहेच. आहे. पण उधळ्या पुत्राचा दाखला येथे जसाच्या तसा लावता येत नाही. त्या मुलाने बापाचा पैसा उडवला होता. कोणाचा भाऊ मारला नव्हता. शिवाय दाखल्यातील थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा आहे, आणि तो शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. आमच्या प्रकरणात तो थोरला भाऊ म्हणजे जांभुळखेड्याच्या जवानाची विधवा आहे, ‘खबऱ्या’ म्हणून मारलेल्याचा मुलगा आहे. त्यांना ‘आत ये आणि आनंद कर’ असे सांगण्याचा अधिकार ना शासनाला, ना धर्मगुरूला. येथे आम्हांला उत्पत्तीमधील काइन अधिक जवळचा वाटतो. देवाने त्याला निर्दोष ठरवले नाही. भावाच्या रक्ताचा जाब विचारला. परंतु कोणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. जाब आणि संरक्षण एकाच वेळी. परतीच्या साहित्याला या दोन्ही गोष्टी एका हातात धरता आल्या पाहिजेत. नुसता जाब म्हणजे सूड, आणि नुसते संरक्षण म्हणजे सरकारी योजना.

योजनेला आम्ही नावे ठेवीत नाही. महाराष्ट्रात २००५ पासून आत्मसमर्पणाची योजना आहे; तिच्यामुळे कित्येक जीव वाचले. पैसे मिळतात, घर मिळते, काहींना काम मिळाले. पण समर्पण हा एका दिवसाचा समारंभ असतो. परत येणे मात्र वर्षानुवर्षे चालते; बाजारात, पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात.

या परतण्यातील एक गोष्ट आम्ही वाचली, आणि ती विसरता येत नाही. दलममध्ये लग्न करण्यास परवानगी असे, परंतु मूल होऊ नये म्हणून पुरुषांची नसबंदी केली जाई. समर्पणानंतर त्यांतील काहींनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यांच्या घरी मुले झाली. विलास मनोहरांच्या कादंबरीच्या शीर्षकातील ‘जन्म’ हा शब्द येथे पहिल्यानेच आपल्या साध्या अर्थाने येतो. त्या मुलाला एक दिवस कोणीतरी विचारील, तुझा बाप कोण होता? त्याच वर्गात, त्याच बाकावर, मारल्या गेलेल्या पोलिसाचा नातू बसलेला असेल. मराठी कादंबरी त्या बाकापासून सुरू व्हावयास हवी.

ती आम्ही लिहावी असे आम्ही म्हणत नाही. वाहरू सोनवणे यांनी सांगितलेले आमच्या ध्यानात आहे. ती एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या कोणा मुलीने, कदाचित माडियात, कदाचित माडिया मिसळलेल्या मराठीत लिहावी. ती आली म्हणजे तिच्या शुद्धलेखनावर तुटून न पडता आपण ती छापावी आणि वाचावी. व्यासपीठावरून खाली उतरून बसणे, हेही वाङ्मयीन कार्यच आहे.

शेवटी आमच्या पदरातील एक चूक कबूल केली पाहिजे. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही जांभुळखेड्याच्या मृतांसाठी मिस्सा अर्पण केला. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ‘पंधरा शूर जवान’ असे शब्द आम्हीच लिहिले होते. चालक त्यात नव्हता. त्यानंतरही, जंगलातल्या गावांत मारल्या गेलेल्या कोणत्याही गावकऱ्याचे नाव आम्ही कधी वेदीपाशी उच्चारले नाही. ज्या दोषाबद्दल आम्ही साहित्याला जाब विचारतो आहोत, तो आमच्या प्रार्थनेतही होता. २०२५ च्या जानेवारीत निर्माणीतील कामगार गेले, तेव्हा मात्र आम्ही एकेक नाव वाचले. कारण ती माणसे आमच्या ओळखीच्या गल्ल्यांतली होती. ओळख असली की क्रमांकाचे नाव होते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

त्या निवृत्त गृहस्थांना आम्ही अखेरीस असे सांगितले, की तुम्ही विचारता ते पुस्तक मराठीत अद्याप नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग तोवर आम्हीच काहीतरी करून बघतो.” त्यांनी काय करायचे ठरवले, हे आम्ही विचारले नाही.